हरळीच्या कडेने

आमच्या नाशकात 'लॉन्स' म्हटलं की कोणाच्या डोळ्यांपुढे गवत येत नाही. लॉन्स म्हणजे लग्न. "कुठल्या लॉन्सला आहे?" असं विचारणाऱ्याला पार्किंग कुठे मिळेल आणि जेवणाला पनीर असेल का, एवढंच जाणून घ्यायचं असतं. गवताच्या नावावर धंदा चालतो आणि गवताकडे कोणी ढुंकून बघत नाही. मी बरीच वर्षं हा धंदा करतोय. गवताकडे खरोखर लक्ष असलेली माणसं आमच्याकडे दोनच होती. एक मी, ते वाढवणारा. दुसरे माझे वडील, त्याच्यावर डूख धरून बसलेले.

बरं, या गवताचं नशीबही उफराटं. पावसाळ्यात ते असं काही फोफावतं की पाऊल टाकलं तर आवाज येत नाही. श्रावणात सकाळी उन्हाची तिरीप पडली की मी नुसता बघत उभा राहतो. पण तेव्हा चातुर्मास. लग्नं बंद, गेटला कुलूप, बघायला येतंय कोण? तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू होतात आणि त्याच सुमारास आमच्याकडे थंडी पडायला लागते. थंडीत हे गवत झोपतं, टोकांकडून पिवळं पडत जातं. वैशाखात तारखा गच्च भरलेल्या असतात तेव्हा विहिरीचं पाणी खाली गेलेलं असतं. म्हणजे ज्या दिवसांत लोक येतात त्या दिवसांत मी त्यांना गवताचा आजारी चेहरा दाखवतो. धडधाकट गवत माझ्या घरच्यांशिवाय कोणी पाहिलेलं नाही.

आधी इथे आमचं शेत होतं. मखमलाबादच्या बाजूला, कालव्याच्या पाण्यावरचं. गुलाब, शेवंती, कडेला मेथी आणि कोथिंबीर. वडील पहाटे फुलांचे करंडे बाजारात पोचवून यायचे आणि चहा घेऊन लगेच खुरपं उचलायचे. माझ्या लहानपणचे वडील मला आठवतात ते पाठमोरे, उकिडवे बसलेले, हरळी काढत असलेले. हरळी म्हणजे शेतकऱ्याचा जन्माचा वैरी. वरून कापली तर खालून येते, खालून खणली तर बांधावरून येते, उपटून फेकलं तर फेकल्या जागी कांडं रुजतं. वडील म्हणायचे, देवाला एकवीस वाहायच्या, पण शेतात एक ठेवायची नाय. गणपतीला वाहतो त्या दूर्वा म्हणजे हीच हरळी, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. एकाच वनस्पतीला दोन नावं का, याचं वडिलांना कधी आश्चर्य वाटलं नाही. देवघरात ती दूर्वा, शेतात ती हरळी, विषय संपला.

मग शहर सरकत सरकत आमच्या बांधापाशी आलं. रस्ता झाला, शेजारच्यांच्या जमिनींवर इमारती उभ्या राहिल्या, फुलं तोडायला बाया मिळेनात. मी आणि बायकोने बसून ठरवलं की जमीन विकायची नाही, लॉन्स करायचं. वडिलांनी फार वाद घातला नाही. माझ्या पिढीचं मी बघावं, असं म्हणाले. एकच अट घातली. विहिरीजवळचा एक वाफा तसाच ठेवायचा, त्यात ते हयात असेपर्यंत भाजी लावतील. मी आनंदाने कबूल झालो. एवढ्यावर निभावलं याचंच मला बरं वाटलं होतं.

गवत आलं त्या दिवशी मात्र घोटाळा झाला. रोपवाटिकेतून टेम्पो भरून गवताच्या लाद्या आल्या, माती लागलेल्या, चौकोनी कापलेल्या. मी मोठ्या हौसेने ती जात निवडली होती. टिकाऊ, दाट, पायदळी तुडवलं तरी उभं राहणारं गवत, असं रोपवाटिकावाल्याने सांगितलं होतं. वडील आले, एका लादीपाशी उकिडवे बसले, एक काडी ओढून मुळापर्यंत बघितली आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"ही तं हरळी हाय," ते म्हणाले. "इकत आणली व्हय तू?"

मी म्हणालो, दादा, ही वेगळी जात आहे, पानं बारीक असतात, लॉनसाठी मुद्दाम तयार केलेली आहे. त्यांनी ती काडी परत होती तिथे नीट ठेवली, हात झटकले आणि उठले.

"उभा जन्म हिला काढण्यात गेला. मी काय हिच्यावर पाय ठेवायचो नाय."

ते चिडून बोलले नव्हते. सांजा नको, पोहे चालतील, असं सांगावं तितक्या साधेपणाने त्यांनी ते सांगितलं. त्यामुळे आम्ही हसलो. बायको म्हणाली, चार दिवसांनी विसरतील. पण ते विसरले नाहीत. घर एका टोकाला आणि विहीर दुसऱ्या टोकाला, मध्ये सगळं लॉन. सरळ गेलं तर मिनिटभराचा रस्ता. वडील कंपाउंडच्या भिंतीला धरून कडेकडेने वळसा घालून जायचे. सकाळी जाताना तसेच, दुपारी येताना तसेच. त्यांच्या चालण्याने भिंतीच्या कडेला मातीची एक वाट पडली. लॉनवाल्याला अशी उघडी पट्टी म्हणजे डोळ्यात खुपणारी गोष्ट. दर पावसाळ्यात मी तिच्यावर गवताचे तुकडे लावायचो, आणि दर पावसाळ्यात वडील ते मुळासकट काढून माझ्या बाजूला रचून ठेवायचे. "घे, तुझं पीक," असं म्हणायचे आणि पुढे जायचे.

पाहुण्यांनी विचारलं की आजोबा सरळ का येत नाहीत, तर त्यांचं उत्तर तयार असायचं. "दूर्वा हायत त्या. देवाला वाहायच्या गोष्टीवर पाय कसा द्यावा?" पाहुणे गहिवरायचे. एका बाईंनी तर त्यांना वाकून नमस्कार केला होता. आम्ही आतल्या आत हसून बेजार. वडील चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता वळसा घालून निघून जायचे.

गंमत अशी की आम्ही दोघं एकाच गवतासाठी एकाच वेळी राबत होतो, तो मारायला आणि मी जगवायला. 'तो' म्हणालो, कारण असं भांडण सुरू असलं की बाप हा बाप राहत नाही, शेजारच्या बांधावरचा माणूस होतो. वैशाखात ते वाफ्याची माती उलटी करून टाकायचे, हरळीच्या मुळ्या उन्हात भाजून निघाव्यात म्हणून. मी त्याच उन्हात, त्याच विहिरीचं पाणी फवाऱ्याने गवताला द्यायचो, मुळ्या भाजू नयेत म्हणून. दसऱ्याच्या सुमारास ते वाफ्यात मेथी टाकायचे आणि मी चाळलेलं शेणखत आणि नदीचा पोयटा लॉनवर पसरायचो. मी उकिडवा बसून गवतातला लव्हाळा निवडत असलो की विहिरीच्या कठड्यावरून त्यांचा आवाज यायचा, की पोरगं आता गवतातून गवत निवडायला लागलं. त्यात बोच असायची, पण लाडही असायचा. मी तेव्हा बोच तेवढी घ्यायचो.

खरी बोच संध्याकाळची होती. चातुर्मासात लग्नं नसायची तेव्हा संध्याकाळी आम्ही लॉनच्या मधोमध खुर्च्या टाकून बसायचो. मी, बायको, मुलगी, कधी कोणी आलं गेलं. चहा व्हायचा, भुट्टे व्हायचे, मुलगी अनवाणी फिरत अभ्यास पाठ करायची. आणि वडील पलीकडे विहिरीच्या कठड्यावर एकटे. त्यांचा चहा मुलगी नेऊन द्यायची. आमचं बोलणं त्यांना अर्धं ऐकू जायचं, अर्धं नाही. मध्येच ते मोठ्याने काहीतरी विचारायचे, आम्ही इकडून ओरडून उत्तर द्यायचो. घरातल्या घरात असं ओरडून बोलायला मला लाज वाटायची आणि रागही यायचा. मी एकदोनदा म्हणालो, की दादा, आता पुरे झालं, या ना इकडे. ते म्हणाले, हितं बरं हाय, वारा लागतो. मला वाटायचं, या माणसाने माझ्या सगळ्या कामाकडेच पाठ फिरवली आहे. मी शेत मोडलं ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण रोज चालून दाखवलं.

माझ्या मनाने मग एकच हट्ट धरला. एकदा त्यांनी या गवतावर यावं. एकदाच पाऊल टाकावं, मग वाटलं तर परत फिरावं. ते आले म्हणजे त्यांनी मला माफ केलं, असं मी ठरवून टाकलं होतं. त्यांना न विचारता, अर्थातच. आमच्या घरात असल्या गोष्टी विचारायची रीत नाही.

वर्षं गेली. वडिलांचे गुडघे धरले, एका डोळ्याला दिसेनासं झालं, दुसऱ्याचं ऑपरेशन होऊनही अंधुकच राहिलं. तरी ते भिंतीवर हात ठेवत ठेवत वाफ्यापर्यंत जायचे. हरळी आता डोळ्यांनी नव्हे, बोटांनी शोधायचे. कांड्याची गाठ हाताला लागली की चेहरा उजळायचा. मेथीचं रोप चुकूनही उपटायचे नाहीत.

आणि मुलीचं लग्न ठरलं. मुलगा निफाडकडचा, घरची द्राक्षबाग, स्वतः ओझरला विमानांच्या कारखान्यात नोकरीला. बागवाल्यांच्या घरातलं लग्न म्हणजे तारखेसाठी पंचांगाच्या आधी बागेला विचारावं लागतं. छाटणीच्या धामधुमीत नको, मणी भरायला लागले की नको, काढणीत तर नकोच. शेवटी मार्गशीर्षातला दिवस निघाला, गोरज मुहूर्त. लग्न आपल्याच लॉन्सला, हे वेगळं सांगायला नकोच होतं.

मुलीने आजोबांना विचारलं ते माझ्यासमोर. ती त्यांची फार लाडकी. वाफ्यातली पहिली कोथिंबीर तिच्या हातात पडायची, तिच्या आईच्या नाही. ती म्हणाली, "आजोबा, सगळे माझ्याजवळ उभे राहून अक्षता टाकणार आणि तुम्ही काय लांब विहिरीवरून टाकणार?"

"वाऱ्यानं येतील तुझ्यापोहोत," वडील म्हणाले.

ती हसली नाही. तिचे डोळे भरले. वडिलांना ते दिसलं नसणार, पण ती गप्प झाली ते त्यांना कळलं. बराच वेळ ते गुडघा चोळत राहिले आणि मग म्हणाले, "बघू, पोरी. बघू."

आमच्या वडिलांच्या तोंडून 'बघू' येणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून वचन आल्यासारखं होतं. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. घरचं लग्न म्हटल्यावर माणूस दागिने बघतो, याद्या करतो. ते सगळं बायकोवर टाकून मी गवताच्या मागे लागलो. वडील येणार होते, अनवाणी येणार होते, कारण अक्षता टाकताना ते कधी वहाणा घालत नसत. त्यांच्या पायाला जे गवत लागेल ते श्रावणातलं असल्यासारखं लागलं पाहिजे, आणि तेही मार्गशीर्षात.

तुळशीच्या लग्नानंतरचा आमचा सगळा सीझन मी रिकामा सोडला. बायको म्हणाली, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? मी म्हणालो, गवताला विश्रांती हवी. ती म्हणाली, मलाही हवी, पण मला कोणी देत नाही. तिचं खरं होतं. तरी मी ऐकलं नाही. गवत उंच राखलं, कारण थंडीत बारीक कापलं की मुळांना गारठा लागतो. पोयटा चाळून दोनदा दिला. मंडपाचे खांब रोवून पडलेली जुनी भोकं एकेक करून बुजवली, आचाऱ्यांनी तेल सांडून करपवलेला तुकडा बदलला. रोज सूर्य उगवायच्या सुमारास विहिरीचं पाणी फवारलं. थंडीत विहिरीचं पाणी कोमट असतं, त्याने पात्यांवरचं गार दंव धुऊन जातं. शेजारपाजारची लॉन्स पिवळी पडली तेव्हाही आमचं हिरवं राहिलं. ओळखीचे लोक विचारायला लागले, काय टाकलं? मी काहीतरी सांगायचो. बाप चालत येणार आहे म्हणून, हे कसं सांगणार?

लग्नाच्या दिवशी मी सकाळपासून घरात अडकलो. मुलीचा बाप म्हणजे पाटावर बसवलेला माणूस, भटजी सोडतील तेव्हा उठायचं. देवक, पूजा, पाहुण्यांचे मानपान. लॉनकडे माझी नजरही गेली नाही. तिकडे आमचा मंडपवाला होता. लॉन्स सुरू झालं तेव्हापासूनचा तो माझा माणूस, घरातलाच म्हणायला हरकत नाही. त्याच्यावर सोडलं की मला बघावं लागत नसे.

मुहूर्ताच्या थोडं आधी मी फेटा सावरत बाहेर आलो तेव्हा गर्दी झाली होती. दिवे लागले होते, सगळीकडे शालू आणि मुलं आणि अत्तराचा वास. मी घाईघाईत, पायाखाली न बघता, स्टेजवर मुलीजवळ जाऊन उभा राहिलो. अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं सुरू झाली आणि मी वडिलांना शोधू लागलो.

ते कडेला होते. त्यांच्या वाटेवर, भिंतीला टेकून. नवा सदरा, डोक्यावर टोपी, उजव्या मुठीत अक्षता. वहाणा त्यांनी काढून भिंतीशी ठेवल्या होत्या. पहिलं मंगलाष्टक संपलं, लोकांनी अक्षता उधळल्या, त्यांनी नाही. दुसरं संपलं. मुलगी अंतरपाटामागे मान खाली घालून उभी होती, पण तिचं लक्ष कुठे आहे हे मला माहीत होतं. तिसऱ्याला वडिलांनी एक पाय पुढे टाकला. तसाच टेकवून थोडा वेळ थांबले, थंड पाण्यात उतरण्याआधी माणूस थांबतो तसे. मग दुसरा पाय टाकला. आणि मग हळूहळू, हाताने माणसं बाजूला सारत, ते सरळ स्टेजपर्यंत चालत आले.

मला पुढचं नीट दिसलं नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि लोकांना वाटलं मुलगी जाणार म्हणून. ते समोर उभे राहून अक्षता टाकत होते. हार घातले गेले, ताशा वाजला. मुलगी आणि जावई वाकले तेव्हा त्यांनी मुलीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलले. मग त्यांनी मला हाताने चाचपून शोधलं, माझा हात धरला आणि दाबला. आमच्यात मिठ्या वगैरे नाहीत. लहानपणी ताप आला असताना त्यांनी असा हात धरला होता, त्यानंतर आत्ता. मला वाटलं, झालं. सगळं फिटलं.

फोटो चालू असताना मंडपवाला घामाघूम होऊन माझ्याजवळ आला. त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"भाऊ, खाली बघितलं का? पोरीच्या लग्नासाठी नवं कोरं कार्पेट काढलं. कडेपासून स्टेजपर्यंत सगळं झाकलं. दंव पडतंय ना, म्हाताऱ्या माणसांचे पाय गारठायला नकोत."

मी खाली पाहिलं. स्टेजसमोर, डावीकडे, उजवीकडे, भिंतीच्या कडेपर्यंत हिरवं प्लास्टिकचं कार्पेट होतं. गवतासारखंच दिसणारं. एरवी तो फक्त गेटपासून स्टेजपर्यंत लाल पट्टा टाकायचा. हे त्याने प्रेमाने केलं होतं, पदरचं केलं होतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि छान झालं म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी कार्पेट उचललं तेव्हा खालचं गवत आडवं झालं होतं. फवारा मारला तसं ते उठून उभं राहिलं. इतकं सुंदर गवत मी मार्गशीर्षात पुन्हा कधी वाढवलं नाही, आणि वडिलांचा पाय त्याच्यापासून एका प्लास्टिकच्या जाडीइतका लांब राहिला. मला तर असंच वाटत होतं की ते फसले. दिसत नसलेल्या माणसाला आम्ही सगळ्यांनी मिळून फसवलं, आणि त्या फसवण्यावर त्यांनी माझा हात दाबला. ते त्या सकाळी उठले, भिंतीला हात लावला आणि कडेकडेने वाफ्याकडे गेले. काल काही घडलंच नाही असे. मी खिडकीतून बघत राहिलो.

त्यांना सांगावं की नाही, याचा मी बराच विचार केला आणि सांगितलं नाही. उलट मनात एक बेत केला. पावसाळा येऊ दे. लग्नं बंद होतील, गवत भरात येईल, माणसं नसतील. मग मी स्वतः त्यांचा हात धरून त्यांना मधोमध नेईन आणि म्हणेन, दादा, आता बघा पायाने. एकदा कार्पेटवर चालले म्हणजे आता अडणार नाहीत, असा माझा हिशोब होता.

ते चैत्रात गेले. दोन-तीन दिवस ताप होता, फार त्रास झाला नाही. वाफ्याची माती उलटी करायची राहिली म्हणून शेवटपर्यंत कुरकुरत होते. मी म्हणालो, मी करतो. "तू कशाला करशील," असं म्हणाले, आणि त्यांचंच खरं झालं. मी केली नाही.

मग पाऊस झाला आणि आषाढ संपता संपता गवताने कडेची ती वाट गिळली. इतकी वर्षं लाद्या लावून, खत घालून, पाणी मारून तिथे एक पातं टिकवता आलं नव्हतं. आता मी काहीही न करता चारी बाजूंनी कांडी पसरत गेली. लॉन पहिल्यांदाच भिंतीपासून भिंतीपर्यंत अखंड हिरवं झालं. धंद्याच्या दृष्टीने हेच मला हवं होतं. वाफ्यातही हरळी शिरली होती.

नागपंचमीला मुलगी माहेरी आली. चहा घेऊन आम्ही बाहेर बसलो, ती चप्पल काढून गवतावर फिरली आणि भिंतीपाशी जाऊन थांबली.

"आजोबांची वाट बुजली," ती म्हणाली.

मी उठलो आणि खुरपं शोधायला निघालो. बायकोने अडवलं. नागपंचमीला आमच्याकडे जमिनीला खुरपं, नांगर, काही लावत नाहीत. वडिलांनी हे कसोशीने पाळलं होतं, वर्षातला तेवढा एकच दिवस हरळीला सुट्टी द्यायचे. मी परत येऊन बसलो. मुलगी माझ्या शेजारी गवतावर बसली आणि म्हणाली, "बाबा, लग्नाच्या दिवशी तुम्ही आजोबांसाठी जे केलंत ना, ते मला कधी तुमच्याशी बोलायला जमलं नाही."

मी विचारलं, काय केलं?

"ते कार्पेट. आजोबांनी मला तेव्हाच कानात सांगितलं. म्हणाले, तुझ्या बापानं माझा शब्द राखला बघ. हरळीला पाय लागू दिला नाय, सतरंजी टाकली माझ्यासाठी. एवढं त्याच्या ध्यानात राहील वाटलं नव्हतं." तिने शेजारच्या गवतावरून हात फिरवला. "ते किती खूश होते, बाबा."

ती मला धन्यवाद देत होती आणि मी कपातल्या चहाकडे बघत होतो. म्हणजे त्यांना पहिल्याच पावलाला कळलं होतं. कळणारच. कांड्याची गाठ बोटांनी ओळखणारा माणूस, त्याच्या तळव्याला प्लास्टिक कळणार नाही? आपल्या बापाला फसवलं असं वाटून मी इतके दिवस झुरलो, तो अजिबात फसला नव्हता. हात दाबला तो गवतासाठी नव्हताच. मी त्यांना हरळीवर यायला लावलं नाही, यासाठी होता.

आणि मी तर सबंध हिवाळा तेवढ्यासाठीच राबलो होतो, त्यांनी हरळीवर यावं म्हणून.

मुलीला मी खरं सांगितलं नाही. बायकोने माझ्याकडे पाहिलं, तिला सगळं माहीत होतं, आणि ती कप गोळा करायला लागली. मुलगी सासरी गेल्यावर मी जमिनीला हात लावायला मोकळा झालो. वडिलांचं खुरपं घेऊन भिंतीच्या कडेला उकिडवा बसलो आणि वाट उघडायला लागलो. काम सोपं नाही. एक कांडं ओढलं की पलीकडून तिसरं हलतं. बायको चहा घेऊन आली, कामाकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, आता उघडून तरी काय, त्यांना यायचंय का?

मी पुढचं कांडं ओढलं. मी दुसऱ्याच गोष्टीचा विचार करत होतो. लग्नांच्या धंद्यातलं आमचं घर. माळ्यावर सतरंज्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे पडलेत, काही तर उघडलेलेही नाहीत. त्या सगळ्या श्रावणातल्या संध्याकाळी आम्ही मधोमध बसायचो आणि तिकडे कठड्यावर ते एकटे, आणि आम्ही एकमेकांशी ओरडून बोलायचो. भिंतीपासून आमच्या खुर्च्यांपर्यंत एक सतरंजी अंथरली असती, तर ते रोज येऊन बसले असते.